टिपरीचा पहिला तुकडा

एक होती मुंगी. राईएवढी. तिचं नाव टिपरी.

टिपरीला ओट्यावर बिस्किटाचा तुकडा सापडला. तिनं तो ओढला. तुरुतुरु, तुरुतुरु.

इतक्यात ऋजुताताईनं बिस्किटं कुटली. कुट कुट कुट. टिपरीचा तुकडाही कुटला गेला.

ताईनं चुऱ्यात लोणी घातलं. ताटलीत दाबलं. त्यावर कुकीच्या पिठाचा मऊ गोळा थापला. थप थप थप. वर चॉकलेटचे दाणे. ओव्हन नको, काही नको. फ्रिजमध्ये थिजवायचा आणि सुरीनं कापायचा. असा गोड गोड कुकी-पाय.

"आणि माझा तुकडा?" टिपरी म्हणाली.

"अगं, तुझा होता तो?" ताई म्हणाली. "कुकी-पाय थिजू दे. पहिला तुकडा तुझा."

कुकी-पाय फ्रिजमध्ये गेला. ताई क्लासला गेली.

टिपरी थांबली. खूप थांबली. मग दाराच्या फटीतून फ्रिजमध्ये शिरली.

"कुकी-पाया, कुकी-पाया, थिज ना. माझा तुकडा मिळेना."

"कसा थिजू?" कुकी-पाय म्हणाला. "इथं गारच नाही. फ्रिज चालल्याशिवाय मी थिजणार नाही."

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फ्रिज, फ्रिज, चाल ना. कुकी-पाय थिजेना. माझा तुकडा मिळेना."

"माझी पिन काकांनी काढली," फ्रिज म्हणाला. "मोबाइल लावला, काढला आणि मला विसरले. पिन लावल्याशिवाय मी चालणार नाही."

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काका कोचावर लोळत होते.

"काका, काका, पिन लावा ना. फ्रिज चालेना. कुकी-पाय थिजेना. माझा तुकडा मिळेना."

"लावली असती गं," काका मोबाइलमध्ये बघत म्हणाले. "पण बटणापुढे आजोबांची खुर्ची. आजोबा उठल्याशिवाय मी पिन लावणार नाही."

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, उठा ना. काका पिन लावेनात. फ्रिज चालेना. कुकी-पाय थिजेना. माझा तुकडा मिळेना."

"आमच्या वेळी मुंग्या रांगेत चालायच्या," आजोबा म्हणाले.

"मी रांगेतच आहे, आजोबा. रांग तुमच्यापाशी अडलीय."

"असं होय. पण मांडीवर भुरी मांजर झोपलीय. भुरी उठल्याशिवाय मी उठणार नाही."

टिपरी आजोबांच्या मांडीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भुरे, भुरे, ऊठ ना. आजोबा उठेनात. काका पिन लावेनात. फ्रिज चालेना. कुकी-पाय थिजेना. माझा तुकडा मिळेना."

भुरीनं एक डोळा उघडला. "चमचा वाजल्याशिवाय मी उठणार नाही." डोळा मिटला. घुर्र, घुर्र.

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चमचा ओट्याच्या कडेला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"चमच्या, चमच्या, वाज ना. भुरी उठेना. आजोबा उठेनात. काका पिन लावेनात. फ्रिज चालेना. कुकी-पाय थिजेना. माझा तुकडा मिळेना."

"पडल्याशिवाय मी वाजणार नाही," चमचा म्हणाला. "ढकलल्याशिवाय मी पडणार नाही. मोठं कुणीतरी घेऊन ये."

टिपरीनं मोठ्यांकडे पाहिलं. काका कोचावर. आजोबा खुर्चीत. भुरी मांडीवर.

"मोठे बसू देत," टिपरी म्हणाली. "मी पाडते तुला."

तिनं डोकं लावलं. ढकललं. चमचा हलेना. दात-ओठ खाऊन ढकललं. तरी हलेना.

मग ती चमच्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. पार टोकाला गेली. बाहेरच्या टोकाला. तिथं उडी मारली.

टुणुक. चमचा डुगडुगला.

टुणुक. चमचा कलला.

टुणुक.

टण्ण, टणटणटण.

चमचा वाजला. भुरी उठली, टुणकन.

भुरी उठली. आजोबा उठले. खुर्ची म्हणाली, कुईं.

आजोबा उठले. काकांनी पिन लावली, खट्.

पिन लागली. फ्रिज चालला, घर्रर्र.

फ्रिज चालला. कुकी-पाय थिजला. घट्ट घट्ट. गार गार.

संध्याकाळी ताई आली. तिनं सुरी घेतली.

"पहिला तुकडा मोठ्यांना," आजोबा म्हणाले. काकांनी बशी पुढे केली.

टिपरी सुरीपुढे उभी राहिली. हलेना.

"ताई, तू काय म्हणाली होतीस?"

"पहिला तुकडा टिपरीचा," ताई म्हणाली. "बशी खाली ठेवा, काका."

ताईनं तुकडा कापला. राईएवढ्या टिपरीला शेंगदाण्याएवढा तुकडा. त्यात चॉकलेटचा एक दाणा.

टिपरीनं तुकडा ओढला. तो जड होता. आता काका वाकले.

"उचलून देऊ का गं?"

"नको, काका," टिपरी म्हणाली. "माझा आहे. मीच नेते."

आणि ती निघाली. तुरु. तुरु. तुरु.

ताटली टाकली चाटून,
गोष्ट घेतली वाटून.