हैबती गुरवाची कच्ची कौले

भाविकहो, केवळनाथ महाराज तेव्हा आंबेटाके गावाबाहेरच्या खिंडीत राहत. गावाला त्यांचे भारी कौतुक. उत्सवाला सगळे गाव त्यांच्या पायांशी आणि बाकीचे वर्षभर ज्याचे तो बघे! मनापासून जाणारा एकच होता, देवळातला हैबती गुरव.

हैबतीची आई सगुणाबाई अंथरुणाला खिळलेली होती. दिवस भरत आल्याचे तिलाही कळत होते. तिचे मागणे एकच, की आपल्या घरात, आपल्या छपराखाली डोळे मिटावेत. पण छप्पर चाळणी झालेले. म्हणून हैबतीने घर नव्याने शाकारायचे ठरवले आणि दौलत मिस्त्रीला बोलावले.

त्या भागात रीत अशी, की कौले मिस्त्रीनेच आणायची आणि भट्टीवाल्याकडून आपले हात ओले करून घ्यायचे. भोळ्या हैबतीने कौले स्वतःच आणून अंगणात रचली होती.

"माल माझा, काम तुमचं," हैबती म्हणाला.

"बरं की," दौलत म्हणाला आणि छपरावर चढला.

जुनी कौले त्याने सांभाळून उतरवली नाहीत, सरळ खाली भिरकावली. सगळी फुटली. छप्पर पार उघडे झाल्यावर खाली येऊन त्याने नव्या कौलावर बोटाची गाठ वाजवली. पक्क्या कौलाचा आवाज खणखणीत येतो. हे मुके राहिले.

"ही कौलं न्हाईत, भाकऱ्या हायत. पाऊस लागला की चिखल हुईल," दौलत हसत म्हणाला. "माझ्या भट्टीवाल्याकडनं आण, मग बघू."

"आता कुठनं आणू, मिस्त्री? होतं नव्हतं ते यात घातलं. आई आत पडलीय."

"मग बोलव तुझ्या महाराजाला. चढवंल कौलं."

असे म्हणून तो शिडी उचलून चालता झाला.

दुसरा मिस्त्री मिळाला असता, असे तुम्हाला वाटेल. नाही मिळाला. एका मिस्त्रीने उघडलेल्या छपराला, त्याने हात सोडल्याचे तोंडाने सांगितल्याशिवाय दुसरा शिवत नसे. दौलतने ते सांगितले नाही, आणि चांगले काम करणारे दोघेतिघे नियमावर बोट ठेवून घरी बसले. शेजारी येऊन हळहळून गेले. हळहळायला काय लागते? कुणी म्हणाले, म्हातारीला आमच्या गोठ्यात हलवा. सगुणाबाईने मान फिरवली. आभाळ तर उतरत चालले होते.

हैबतीने खिंडीत जाऊन महाराजांना सगळे सांगितले. महाराजांनी विचारले, "आई काय म्हणते?"

"म्हणते, मी हितनं हलायची न्हाई."

महाराज उठले आणि त्याच्याबरोबर आले. अंगणात त्यांनी एक कौल उचलून वाजवले.

"दौलत खरे बोलला," महाराज म्हणाले. "कच्चीच आहेत."

हैबतीचा चेहरा उतरला. निदान महाराज तरी चांगली म्हणतील, ही त्याची आशा होती.

"भट्टीवाल्याने तुला फसवले, दौलतने तुला टाकले, आणि गाव बघत बसले," महाराज म्हणाले. "एवढे झाल्यावर मातीला कशाला दोष द्यायचा? देवळाची शिडी आण."

आणि महाराज वर चढले! सत्तरी उलटलेले ते शरीर, अनवाणी, वाशांवर ओणवे. हैबती खालून कौले देई, महाराज एकेक कौल कपाळाला लावून वाशांवरच्या रिपेच्या पट्टीवर बसवत. गल्लीत लोक जमले. उत्सवात पालखीखाली खांदा द्यायला भांडणारे ते लोक. एकाचाही हात कौलाला लागला नाही.

आतून सगुणाबाईचा आवाज आला, "महाराज, उतरा हो. माझ्यापायी ह्ये पाप नगं."

"पडून राहा, आई," महाराज म्हणाले. "तुमच्या डोळ्यांवर उजेड येतो आहे, तेवढा झाकतो."

शेवटचे कौल बसले आणि गारांचा मारा सुरू झाला. गावातली पक्की, खणखणीत कौले फुटू लागली. दौलतच्या स्वतःच्या घरावर छपराचे अख्खे पाखे उघडे पडले. हैबतीच्या घरात सगुणाबाई वर बघत होती. "आवाज येतोय रे हैबती," ती म्हणाली, "पर अंगाला थेंब न्हाई." महाराजांनी तिच्या मुखात तीर्थ घातले. गारा थांबायच्या आत ती शांतपणे गेली.

सकाळी दौलत बाहेर पडला. घरोघरी त्याला हाका, कामाची सुगी! चालता चालता त्याला हैबतीचे छप्पर दिसले. एकही कौल तडकलेले नव्हते. त्याचा विश्वास बसेना. शिडी लावून तो वर चढला, एक कौल उपसून त्याने दाबले. हातात ओल्या ढेकळासारखा चुरा झाला. सगळी रात्र त्या मातीने गारा आणि पाऊस झेलले होते.

त्या भोकातून त्याने खाली पाहिले. जमीन कोरडी होती. लेक सासरहून यायची होती म्हणून सगुणाबाईला तशीच ठेवले होते, उशाशी दिवा, मुखात तुळशीपत्र.

दौलत कसाबसा उतरला आणि ओटीवर बसलेल्या महाराजांच्या पायांवर पडला. महाराजांनी पाय ओढून घेतले.

"माझे काय केलेस तू? आत जा."

"महाराज, ती असती तर माफी मागितली असती."

"काल होती," महाराज म्हणाले.

दौलत आत गेला. त्या थंड पायांवर त्याने डोके ठेवले आणि तो रडू लागला. हैबती भिंतीला टेकून उभा होता. त्याने दौलतला ऊठ म्हटले नाही.