राणीचं 'लवकर'

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा आपल्या डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती. त्या डोंगरांत एक राणी राज्य करत होती. मनाने लोण्याहून मऊ, पण तिच्या तोंडी दिवसभर एकच शब्द, लवकर!

अंघोळीचं पाणी लवकर, वेणीतला गजरा लवकर, वाढा लवकर, उचला लवकर. खोटं वाटेल, पण बरणीत घातलेल्या लोणच्यालाही ती एकदा "लवकर मूर रे बाबा" म्हणाली होती. सावकाश, बेताने, दमाने हे शब्द राज्यात होते, पण ते राजवाड्याबाहेरच राहत.

आता माणसं तरी किती धावणार? त्यांनी आपापली युक्ती काढली. राणी "लवकर" म्हणाली की आचारी झारा कढईवर आपटायचा, दासी बांगड्या वाजवत जागच्या जागी लगबग करायच्या. सगळ्यांत हुशार पालखीचे भोई. चालताना ते "हुं, हुं" असा ठेका धरत. "लवकर" ऐकू आलं की ठेका दुप्पट व्हायचा, पावलं मात्र पहिल्याच चालीने पडायची. पडद्याआडच्या राणीला वाटायचं, पालखी वाऱ्यासारखी चालली आहे. राणी खूश, भोईही खूश.

एके दिवशी राणीची एकुलती एक लेक तापाने फणफणली. दुपारपर्यंत ती डोळे फिरवू लागली. अशा तापावरचं औषध जाणणारी वैदीण घाटापलीकडे राहायची, आणि ती इतकी थकली होती की तिला उंबरठाही ओलांडवत नसे. राणीने लेकीला मांडीवर घेतलं आणि ती पालखीत बसली.

त्या राजवाड्याची रीत अशी, की पालखीचा पडदा ओढल्यावरच भोयांना आत बोलवायचं. त्यामुळे पालखीत राणीच्या मांडीवर आजारी लेक आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"चला रे, घाटापलीकडे, लवकर!" राणी म्हणाली. "लवकर, लवकर!"

भोयांनी ठेका वाढवला आणि ते नेहमीच्या चालीने निघाले. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हाच शब्द त्यांनी काल गजऱ्यासाठी ऐकला होता आणि परवा विड्यासाठी.

घाटाची चढण लागली. दगडधोंड्यांवर पालखी हिंदकळू लागली. प्रत्येक हिसक्याला पोर कण्हायची, तिचा श्वास अडकायचा. राणीने तिचं डोकं छातीशी धरलं.

"हळू," ती म्हणाली. "बाबांनो, जरा हळू. हिला सोसत नाही."

भोई थबकले. राणीच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधीच ऐकला नव्हता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या नाईकाने रीत मोडून पडदा सारला. आत राणी रडत होती आणि तिच्या मांडीवर पोर निपचित पडली होती.

"आईसाहेब," नाईक कसाबसा म्हणाला, "आज खरंच घाई हाय, हे आधी का नाही सांगितलंत?"

"निघाल्यापासून दुसरं काय सांगतेय रे मी?"

नाईकाने मान खाली घातली. मग कुणी ठेका धरला नाही. दगड आले की ते पाऊल जपून टाकत, सपाटी आली की जीव खाऊन पळत. तळपाय फुटले, खांदे सोलले, तरी कुणी पालखी टेकवली नाही.

वैदिणीने औषध पाजलं. संध्याकाळी ताप उतरला. पोरीने डोळे उघडले, आईला ओळखलं, हसलीसुद्धा. पण राणीने मागून हाक मारली, तेव्हा तिने वळून पाहिलं नाही.

"जीव वाचला, बाई," वैदीण म्हणाली. "पण कान गेले. थोडं आधी आणली असतीस, तर तेही राहिले असते."

नाईक राणीच्या पायांशी कोसळला. "अर्धा घाट आम्ही नुसता आवाज केला, आईसाहेब. आम्ही फसवलं तुम्हाला."

राणीने त्याला उठवलं. "तुम्ही नाही रे. माझ्या लेकीसाठी राखून ठेवायचा शब्द मीच गजऱ्यावर आणि विड्यावर उधळला."

पुढे राणी लेकीशी हातांनीच बोलायला शिकली. सावकाश म्हणायचं असलं की ती तिच्या पाठीवरून हात फिरवी, लवकर म्हणायचं असलं की तळहात दाबी. पाठीवरून हात रोज फिरे. तळहात मात्र तिने जन्मभरात फार थोड्या वेळा दाबला, आणि दर वेळी पोर हातातलं सगळं टाकून धावत निघाली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला सदाचीच घाई, त्याची खरी घाई कुणाला कळत नाही.