दोन दमांचा सांधा

फार मागे तगर नगरीत चित्रसेन राजाचं राज्य होतं, आणि त्या जन्मी बोधिसत्त्व तिथे वैद्य होता. त्या वर्षी तापाची अशी साथ आली की घराघरातून कण्हणं ऐकू येई. पुढे ती ओसरली. ज्याचा ताप उतरला त्याला कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि एकदा न्हाला की तो बरा झाला, असा तिथला रिवाज. मग त्यानं कुरकुरायचं नाही, मुकाट कामाला लागायचं!

नागपालित सोनारालाही असंच न्हाऊ घातलं. पण कसचं बरं नि कसचं काय! ताप गेला तो अंगातलं सगळं त्राण घेऊन गेला. चार पायऱ्या चढला की धाप लागे, छाती धडधडे, आता आपलं काही खरं नाही असं वाटे. त्यात तगरच्या सोनारांचा ताठा मोठा. फुंकणीनं दिव्याची ज्योत दागिन्यावर धरली की एका दमात सांधा जुळलाच पाहिजे. ज्याला ते जमेना, त्याची पेढीवरची जागा दुसऱ्याला. सोनारांचा प्रमुख शिवघोष यानं निरोप धाडला होता, "पौर्णिमेला सर्वांसमोर सांधा करून दाखव, नाहीतर जागा सोड."

बिचारा घरी चोरून सराव करायला बसला आणि फुंकणी हातात असतानाच आडवा झाला. बायको पद्मिका धावत आली. "अहो, जागा गेली खड्ड्यात! आधी वैद्यांकडे चला."

तिथे नागपालितानं हातातलं सोन्याचं कडं काढून पुढे केलं. "वैद्यराज, हे घ्या. पण असं काहीतरी जालीम द्या की पौर्णिमेला माझा दम टिकेल."

तसल्या मात्रा वैद्याकडे होत्या, आणि त्यांच्यासाठी सोनं मोजणारे लोकही रोज दारात उभे असत. त्यानं कडं परत केलं.

"थकलेला बैल चाबकानं धावतो रे, पण मग बसतो तो बसतोच. तू पेज पी, भरपूर झोप, मी देतो तो काढा घे. आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यापाशी डोळे मिटून बस. श्वास आत आला, कळू दे. बाहेर गेला, कळू दे. ओढायचा नाही, ढकलायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच. यानं बळ एका दिवसात येत नाही. पण घाबरलेला जीव शांत होतो, आणि मग देहाला सावरायला उसंत मिळते."

नागपालित बसला खरा, पण मन कुठलं बसतंय! ते सारखं पेढीकडे धावे. "मला नाही हो जमत," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मन पळालं हे कळलं ना? मग जमतंय. आण परत."

एके संध्याकाळी घराच्या पायऱ्यांवर त्याला पुन्हा धाप लागली. नेहमीसारखी भीती दाटून आली. पण या वेळी तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहिला. हळूहळू धडधड निवाली. हुश्श! त्याचा जीव भांड्यात पडला, आणि किती दिवसांनी तो हसला.

पौर्णिमा आली. सगळे सोनार जमले, वैद्यही मागे येऊन बसला. नागपालितानं कंकण समोर ठेवलं, फुंकणी ओठांना लावली. सांधा निम्मा तापला आणि दम संपला. त्यानं ओढाताण केली नाही. फुंकणी खाली ठेवली आणि डोळे मिटले.

"झोपला की काय!" कुणीतरी खिदळलं. लाजेनं त्याचे कान तापले, पण तो हलला नाही. श्वास आला, गेला, पुन्हा आला. मग त्यानं फुंकणी उचलली आणि सांधा पुरा केला.

शिवघोषानं कंकण ओढून पाहिलं, वाकवून पाहिलं. सांधा ढिम्म हलेना.

"दोन दम लागले तुला."

"लागले. पण कंकणाला ते कुठे ठाऊक आहे?"

शिवघोष मग मटकन खाली बसला. "मला तर तीनही पुरत नाहीत रे. ताप उतरून न्हाल्यापासून मी कुणासमोर फुंकणीला हात लावलेला नाही. कुणाला सांगू?"

"उद्या सकाळी तुम्हीही या," मागे बसलेला वैद्य म्हणाला. त्यावर आणखी दोघा-तिघांनी चाचरत विचारलं, "आम्ही आलो तर चालेल?" एका दमाचा हट्ट त्या दिवशी सुटला. नागपालिताची जागा राहिली, आणि हे ऐकून पद्मिका सुखानं रडली.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नागपालित म्हणजे तापातून उठल्या उठल्या भिक्षेला निघण्याची घाई करणारा हा तरुण भिक्षू. पद्मिका म्हणजे त्याला पेज आणून देणारी उपासिका. वैद्य मीच होतो. आणि शिवघोष..."

कालच त्या तरुणाला आळशी म्हणणारे वृद्ध स्थविर उठून उभे राहिले. "तो मी, भंते. मलाही हल्ली चालवत नाही." ते तरुणाशेजारी जाऊन बसले, आणि त्यानं सरकून त्यांना जागा दिली.

शास्ते म्हणाले, "धीरानं सांभाळून घेणं, यालाच क्षांती म्हणतात. ती आपल्या थकलेल्या देहालाही द्यायची असते."