पाठ टेकल्यावर

गावात तालीम भरत होती त्या काळची गोष्ट. तालमीच्या कौलांवर एक बोका राहायचा. कुस्त्या पाहून पाहून त्याला पक्कं वाटायचं, पाठ मातीला लागली की आपण हरलो. म्हणून गल्लीतल्या कुत्र्याने लोळवलं की तो अंग सैल सोडायचा. एक कान असाच गेला.

शेजारची म्हातारी मांजर म्हणाली, "पाठ टेकू दे रे. गुडघे पोटाशी घे. कुत्रा फिरेल तिकडे कंबर फिरव, पाय मध्ये ठेव."

दुसऱ्या दिवशी कुत्र्याने पुन्हा लोळवलं. तो डावीकडून आला, उजवीकडून आला, पण समोर पंजेच. शेवटी धापा टाकत निघून गेला.

बोक्याने उरलेला कान चाचपला. शाबूत होता.

"पण मावशी, पाठ तर लागली."

"मग माती झटक आणि जेवायला चल."