पैलतीराची हाळी

"मग ती बाई माझ्याच तोंडून का बोलते, बुवा?"

केदारगीर बुवा चिलीम झाडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

खासदार सदानंद सपकाळ मठाच्या ओट्यावर अवघडून बसले होते. गाड्यांचा ताफा वर रस्त्यावर सोडून ते एकटेच खाली उतरले होते. धरणाच्या पाण्याकाठचा हा मठ. लहानपणी याच ओट्यावर बुवांनी त्यांना हाळी द्यायला शिकवलं होतं. आवाज पोटातून काढायचा, शेवटचा स्वर लांबवायचा, म्हणजे तो पाण्यावरून पलीकडच्या वाडीपर्यंत जातो. त्याच आवाजावर पुढे सभा गाजल्या, निवडणुका जिंकल्या, आणि पोरगा थेट लोकसभेत जाऊन बसला. आता तोच आवाज त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता.

"पयल्यापासनं सांग," बुवा म्हणाले.

सपकाळांनी सांगितलं. पलीकडे कारवीची वाडी. तिला रस्ता नाही, पूल नाही, सगळा भरवसा एका लाँचवर. वाडीतल्या धोंडाबाई ढेब्यांची सून बाळंतपणात अडली. धोंडाबाईंनी काठावर उभं राहून लाँचसाठी हाळ्या दिल्या. लाँच गेली नाही. सून तिथंच काठावर गेली, पोटातल्या बाळासकट. दिवस घातल्यावर धोंडाबाई सपकाळांच्या गावाकडच्या बंगल्यावर आल्या, सगळं बोलल्या. आणि त्यांनी ते लोकसभेत शून्य प्रहरात जसंच्या तसं मांडलं.

"हाळीसकट?"

"हाळीसकट. 'लाँच आणा रंऽऽ, माझी सून चालली रंऽऽ...' सभागृह सुन्न झालं, बुवा. मग बाकं वाजली. विरोधकांनीसुद्धा वाजवली!"

एवढं सांगताना खासदारांची मान जरा ताठ झाली. दुखण्यावर औषध मागायला आलेला माणूस, पण हौस कुठे जाते?

"मंग?"

"मंत्री म्हणाले, दखल घेऊ. मी खाली बसलो."

"मंग?"

"मग काय... विषय संपला."

बुवांनी आता वर पाहिलं.

विषय संपला नव्हता, म्हणून तर ते इथे आले होते. त्याच आठवड्यात दिल्लीच्या बंगल्यात, भर दुपारी, त्यांना हाळी ऐकू आली. आधी लांबून, बागेच्या भिंतीपलीकडून. मग जिन्यातून. मग बंद खोलीतून. एकदा त्यांनी बायकोकडे चहा मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून म्हाताऱ्या बाईचा चिरका आवाज निघाला, "लाँच आणा रंऽऽ..." बायकोच्या हातातली बशी खाली पडली. ती त्याच दिवशी माहेरी गेली.

"गेल्या अधिवेशनात साखरेच्या दरावर बोलायला उठलो," सपकाळ म्हणाले. "अध्यक्षांनी नाव पुकारलं. आणि..."

त्यांनी घाम पुसला.

"हसलं आसतील."

"आधी हसले. मग कुणी हसेना... शेजारचा सदस्य उठून दुसऱ्या बाकावर गेला."

मठाच्या छपरावरून एक पारवा उडाला. सपकाळ दचकले.

"सोमवारी पक्षानं मला चर्चेची सुरुवात करायला सांगितलंय, बुवा. निभावलं तर मंत्रिपद आहे. नाही निभावलं तर घरी बसा म्हणतील. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. तुम्ही एवढा आवाज काढून घ्या. जिचा आहे तिचा तिला देऊन टाका."

"कशी हाय धोंडाबाय?"

"म्हणजे?"

"कशी हाय, इचारलं."

"...माहीत नाही."

"तुझ्या बंगल्यावरनं आली तवापासनं बोलली न्हाय," बुवा म्हणाले. "एक शबूद न्हाय. नातवंडांना हाक मारायची तर टाळी वाजवती."

बोलायला म्हणून सपकाळांनी ओठ उघडले आणि घाईघाईने मिटले. आतून काहीतरी वर येत होतं.

"चल," बुवा उठले.

दोघं उतरून पाण्याशी आले. वारा पडला होता. पाण्यावर साधी चुणी नव्हती. लाँच अलीकडच्या काठाला बांधलेली होती. तिच्या कठड्याला झेंडूच्या माळेची वाळलेली दोरी अजून लोंबत होती.

"त्या दिशी कुठं हुती ही?" बुवांनी विचारलं.

सपकाळ त्या माळेच्या दोरीकडे पाहत राहिले.

"दिल्लीत सांगितलंस का, कुठं हुती?"

"प्रशासनाची अनास्था म्हणालो."

"म्या लाँचचं इचारलं."

"...इथंच होती," सपकाळ म्हणाले. "माझा सत्कार होता. कार्यकर्त्यांनी सजवली होती. पाण्यावरून मिरवणूक काढायची म्हणून थांबवून ठेवली. कर्णे लावले होते, बुवा. देवाशपथ, काही ऐकू आलं नाही."

"तू काय करत हुतास?"

"बोलत होतो."

हे सांगताना त्यांना खरंच रडू आलं. इतक्या दिवसांत हे त्यांनी कुणापाशी उच्चारलं नव्हतं. धोंडाबाईंपाशी तर नाहीच. ती माउली त्यांच्याच दारात, त्यांनाच साकडं घालायला आली होती.

बुवांनी त्यांना रडू दिलं.

"हाळी दे," मग ते म्हणाले.

"आत्ता?"

"शिकिवली तशी."

सपकाळांनी पाय रोवले, तोंडाशी हाताचा द्रोण केला, आणि पोटातून आवाज काढला. आवाज त्यांचाच निघाला, भरदार, सभा गाजवणारा. त्यांना केवढं हायसं वाटलं! आवाज पाण्यावरून गेला... आणि परत आला नाही. समोरचा डोंगर लहानपणापासून प्रत्येक हाळी परत पाठवायचा. आज त्याने ती गिळून टाकली.

पलीकडच्या काठावर माणसं येऊ लागली. एकेक करून, न बोलता. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं. सगळी वाडी पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. कुणी हात हलवला नाही. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते, पण सगळ्यांच्या पुढे उभी असलेली हिरव्या लुगड्यातली बाई ओळखू येत होती. तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते.

आणि हाळी आली.

"लाँच आणा रंऽऽ... माझी सून चालली रंऽऽ..."

सपकाळांना वाटलं, ती पुन्हा आपल्याच तोंडून निघाली. बुवांनी पुढे होऊन आपला पंजा त्यांच्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबला.

तोंड बंद होतं. पलीकडे त्या बाईचंही तोंड बंद होतं.

"लाँच आणा रंऽऽ..."

हाळी पाण्यावरून सरळ येत होती. पाणी हलत नव्हतं, माणसं हलत नव्हती, फक्त ती येत होती.

बुवांनी पंजा सैल केला, पण हात काढला नाही. कानाशी तोंड नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "काठाला हाळी आली तर काठावरच्यानं काय करायचं?"

सपकाळ पंज्याआडून पुटपुटले, "ओ द्यायची."

"आन् ज्यानं ओ दिली, त्यानं?"

"त्यानं... लाँच सोडायची. कितीही वारा असो."

"पलीकडं गेल्यावर?"

"ज्यानं हाळी दिली, त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं."

बुवांनी नजरेनंच पलीकडचा काठ दाखवला.

"बुवा, मी सोमवारी पुन्हा मांडतो," सपकाळ काकुळतीला आले. "या वेळी सगळं सांगतो. लाँचचं, सत्काराचं, सगळं. मंत्र्यांना धारेवर धरतो. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसत नाही. पण आत्ता... तिच्यासमोर..."

"लाँच आणा रंऽऽ..."

"आख्ख्या देशाला ऐकवली मी ती हाळी! अजून कुणाला ऐकवू?"

बुवांनी त्यांच्या तोंडावरचा हात काढून घेतला आणि लाँचचा दोर सोडून त्यांच्या हातात दिला.

"ओ दे, सदा."