काचमासोळीची राखण

घनदाट जंगलाच्या अगदी मधोमध एक तळे होते, आणि त्या तळ्यात एक काचमासोळी राहत असे. मुलांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी काचेच्या पेटीत मासे पाळलेले असतील, तर हिची एखादी बहीण तुम्ही पाहिलीही असेल. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगाला रंग म्हणून नाही, आणि पाठीचा कणा असा स्पष्ट की बाहेरूनच मणके मोजून घ्यावेत. ती शेवाळापुढे आली की तिच्यातून शेवाळ दिसे आणि वाळूवर आली की तिच्यातून वाळू दिसे.

तळ्यातल्या बाकीच्या माशांना ही आयतीच करमणूक होती. चांदीच्या खवल्यांचा भारी तोरा असलेली खवलीकाकू म्हणे, "अगं, सकाळी काय खाल्लंस ते तुला विचारायला नको. दिसतंच आहे!" पट्टेरी माशांची पोरे तिच्या पाठीमागे जाऊन वाकुल्या दाखवत, आणि त्या वाकुल्या तिच्यातून आरपार दिसत म्हणून पुढचे सगळे खिदळत. काचमासोळीला मात्र याचे काहीच वाटत नसे. उलट, ऊन जिथे थेट तळापर्यंत पोचते तिथेच ती मुद्दाम शेपूट ताठ करून पोहत असे. "आपल्या घराण्यात झाकायची रीत नाही," असे तिच्या आईने तिला लहानपणीच सांगून ठेवले होते. आपले घराणे तिला फार थोर वाटे. खरे सांगू का, मलाही वाटते.

या तळ्याची एक जुनी रीत होती. अंडी घालायचे दिवस आले की सगळ्या आया आपापली अंडी एकाच कपारीत ठेवत. दोन मोठ्या दगडांमधली ही कपार आत चांगली खोल होती आणि तिच्या तोंडाशी एक राखणदार उभा राही. तो निवडायचा कसा, तर रुंदीने! तळ्यातले म्हातारे कासव कमळाचा देठ तोंडात धरून एकेकाची रुंदी मोजे, आणि ज्याच्या अंगाने कपारीचे तोंड पुरते बुजेल त्याला राखण मिळे. "दार कसं दारासारखं हवं," असे कासवआजोबा म्हणत. हे सगळ्यांना इतके पटलेले होते की त्यावर कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता.

सलग चार वर्षे हा मान शिंगाळ्याकडे होता. शिंगाळा म्हणजे धिप्पाड अंगाचा, मिशाळ मासा. मिशा अशा की एखाद्या पाटलाने हेवा करावा. तो कपारीच्या तोंडाशी बसला की पाण्यातल्या किड्यालाही आत शिरायला वाव नसे. त्याच्या हनुवटीखाली पुढच्या रांगेतली अंडी तेवढी चमकताना दिसत, आणि ती पाहून आया निर्धास्तपणे आपल्या कामाला लागत.

एवढे सगळे यथासांग असूनही पिल्ले मात्र दर वर्षी कमी निघत होती. पहिल्या वर्षी निम्मी निघाली, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मी आणि तिसऱ्या वर्षी अगदीच मोजकी. "यंदा पाणी फार गार होतं," कुणी म्हणे. "आपलं नशीब," दुसरे कुणी म्हणे. शिंगाळा तेवढा वर्षावर्षाला फुगत चालला होता. कुणी विचारलेच, तर मोठा सुस्कारा सोडून तो म्हणे, "राखणीची काळजी, दुसरं काय! काळजीने अंग सुजतं माझं." मग भोळ्या आया त्याला आणखी चार किडे आणून भरवत. याला म्हणतात चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

काचमासोळीने गेल्या वर्षी कपारीत बाकीच्यांच्या अंड्यांना लागूनच साठ अंडी ठेवली होती. त्यातून एकही पिल्लू बाहेर आले नाही. कितीतरी दिवस ती त्या कपारीपाशी घिरट्या घालत राहिली होती. यंदा तिने पुन्हा साठ अंडी घातली, अगदी आतल्या कोपऱ्यातल्या मुळीला चिकटवून, आणि त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी न राहवून ती शिंगाळ्याकडे गेली. "शिंगाळेकाका, जरा बाजूला होता का? माझी अंडी एकदा डोळ्यांनी बघते."

शिंगाळ्याच्या मिशा थरथरल्या. "राखणदारावर अविश्वास? हेच शिकवलं का तुझ्या आईने? चार वर्षं मी इथून हललो नाही, आणि तू मला हलवायला आलीस?"

काचमासोळी मागे फिरली. आईचे नाव काढलेले तिला झोंबले होते. पण आणखी एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. ज्याच्या पाठीमागे सारे ठीक आहे, त्याला क्षणभर बाजूला व्हायला इतका राग का यावा?

दुसऱ्या दिवशी कमळाच्या पानाखाली सगळे जमले असताना ती कासवापुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, चार दिवसांनी अंडी फुटणार. हे चार दिवस राखण मला द्या."

तळे असे हसले की वरची पाने हलली. खवलीकाकू म्हणाली, "अगं, तू दारात उभी राहिलीस तर दार लावलंय की उघडं टाकलंय, हे आम्हाला कळायचं कसं?" पट्टेरी पोरांनी तर लोळणच घेतली. एक खेकडा तेवढा हसला नाही. तो बिचारा मनाचा चांगला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरी, माझ्या बिळात तांबडी माती आहे. चोपडून देतो अंगाला. निदान काहीतरी आहेस असं तरी वाटेल. मग मी शब्द टाकतो तुझ्यासाठी."

काचमासोळीला क्षणभर मोह पडला. साठ अंड्यांसाठी आईने अंगाला माती फासली तर तिला कोण नावे ठेवील? पण लगेच तिची शेपूट ताठ झाली.

"खेकडेभाऊ, तुमचे उपकार मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण माती फासली की माझ्या मागचं कुणाला दिसेनासं होईल. मग शिंगाळेकाका काय वाईट होते? मी दारात उभी राहीन ती अशीच. आणि एवढ्याशा अंगाने मी कसली राखण करणार? राखण तुम्ही सगळ्यांनी करायची. माझ्यातून आत बघा. जाता-येता बघा, दिवसभर बघा."

आता कुणी हसले नाही. कासवाने तोंडातला देठ खाली ठेवला आणि डोळे मिटले. म्हातारे होते, हट्टी होते, पण खोटे नव्हते.

कपारीच्या तोंडाशी बसलेला शिंगाळाच ओरडला, "आणि या चार दिवसांत एक अंडं जरी गेलं तर?"

"एक जरी गेलं, तर मी हे तळं सोडून ओढ्याने खाली जाईन," काचमासोळी म्हणाली. ओढा खाली मोठ्या नदीला मिळत होता. नदीत मोठी तोंडे होती, आणि तिच्याएवढे कुणी तिकडून कधी परत आलेले नव्हते. हे तिलाही ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यांनाही.

"मग उभी राहा," कासव म्हणाले.

शिंगाळा कुरकुरत, फुगत, फार हळू बाजूला झाला. काचमासोळी कपारीच्या तोंडाशी आली आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. डोक्यावर आलेले ऊन पाण्यातून सरळ उतरले, तिच्या अंगातून पार झाले आणि कपारीत पसरले. चार वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या तळ्याने आत पाहिले.

पुढची रांग जागेवर होती. दुकानदार चांगली फळे पुढे मांडतो तशी ती नीट मांडलेली होती. तिच्यामागे काहीच नव्हते. नुसता उघडा दगड आणि त्यावर फाटकी टरफले. "माझी तिथे होती! त्या खाचेत!" खवलीकाकू किंचाळली आणि रडू लागली. अगदी मागे, मुळीला, पाण्यासारखी स्वच्छ अशी साठ अंडी तेवढी चिकटलेली होती. ज्याने बाकीची फस्त केली त्याला ती दिसलीच नव्हती.

"पाणभोवरे!" शिंगाळा सगळ्यांच्या आधी ओरडला. "त्या पाणकिड्यांनीच, पाणभोवऱ्यांनी खाल्ली! मी असताना ते शिरले, तर या काचेच्या तुकड्याला काय भीक घालणार?"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय! पण निम्म्या तळ्याला ते खरे वाटले. कासव म्हणाले, "खाताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही. पाहिल्याशिवाय मी कुणाला चोर म्हणणार नाही. पोरी, तू चार दिवस पुरे कर."

काचमासोळी उभी राहिली. पहिल्या दिवशी ती भुकेने कासावीस झाली, तेव्हा खवलीकाकू खाली मान घालून आली आणि तिच्यापुढे दोन किडे ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबून आत डोकावू लागला. पट्टेरी पोरांनी तर पैजच लावली, पुढच्या रांगेतली अंडी कोण आधी मोजतो याची. तीच पोरे, तीच मासोळी, पण आता वाकुल्या बंद झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिचे पर थरथरू लागले. मागे वळून आपली अंडी पाहावीत असे तिला सारखे वाटे, पण ती वळली नाही. आपल्या पाठीमागचे आपल्यापेक्षा बाकीच्यांना चांगले दिसते, यावर तिने सगळा भरवसा टाकला होता.

त्याच दिवशी ऐन दुपारी सर्वांत धाकटे पट्टेरी पोर मोजता मोजता थबकले. "मिशी!" ते ओरडले. "आत मिशी आली!"

कपारीला मागच्या बाजूने एक चीर होती. तिच्यातून आधी एक मिशी बाहेर आली, मग दुसरी, आणि मग वासलेले तोंड. ते तोंड मुळीवरच्या अंड्यांपासून वीतभरसुद्धा लांब नव्हते. काचमासोळीला यातले काहीच दिसत नव्हते, पण समोरच्या शंभर डोळ्यांत तिला सगळे कळले. "धावा!" ती ओरडली. "मी दार सोडत नाही, तुम्ही मागून जा!"

सारे तळे दगडाला वळसा घालून मागे धावले. पाहतात तो काय, शिंगाळ्याचे डोके चिरेच्या आत, शेपूट बाहेर, आणि मध्ये पोट अडकून बसलेले! चार वर्षांपूर्वी तो त्या चिरेतून सुळकन आत गेला असता. आता त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना.

"काळजीने सुजलंय हो अंग!" खवलीकाकू म्हणाली, आणि तिने त्याच्या शेपटीवर असा तडाखा दिला की त्याच्या मिशा आतल्या आत वळल्या. मग खेकड्याने आपली नांगी चालवली. शिंगाळा बोंब मारत चिरेतून निसटला आणि कुणी सांगायच्या आतच ओढ्याच्या वाटेला लागला. त्याला थांबवायला कुणी गेले नाही.

कासव कपारीपाशी आले. सगळ्यांच्या देखत त्याने कमळाचा देठ दातांनी तोडून टाकला. (कासवाला दात नसतात, हे मला ठाऊक आहे. जबड्याने तोडला असे म्हणा.) "चार वर्षं मी रुंदी मोजत बसलो," ते म्हणाले. "चोर तो होताच, पण आडोसा त्याला मी दिला. पोरी, तुझ्यापुढे मी लहान आहे." म्हाताऱ्याने अशी सरळ चूक कबूल केली, म्हणून त्याचा मान तळ्यात कमी झाला नाही, वाढलाच.

चौथ्या दिवशी सकाळी अंडी फुटली. पुढच्या रांगेतून पिवळी, चंदेरी, पट्टेरी पिल्ले बाहेर आली आणि आया आपापली ओळखून घेऊ लागल्या. मग सगळ्या काचमासोळीभोवती जमल्या. "तुझी कुठे आहेत गं?" खवलीकाकूने काळजीने विचारले. "एकही दिसत नाही."

काचमासोळी आता कुठे मागे वळली होती. "ही काय, तुमच्या समोर," ती म्हणाली. "नीट बघा."

सगळ्यांनी डोळे ताणले. पाण्यात काळे ठिपके हलत होते, मोहरीपेक्षाही बारीक, आणि सगळे जोडीजोडीने. ते पिल्लांचे डोळे होते. एकशे वीस ठिपके, म्हणजे पुरती साठ पिल्ले! बाकी अंग म्हणाल तर नुसते पाणी.

"अगं बाई," खवलीकाकू हळूच म्हणाली, "ही तर सगळी तुझ्यावर गेलीत!"

"हो," काचमासोळी म्हणाली, "सगळीच्या सगळी." लपवायची सोयच नसल्यामुळे, अभिमानाने धडधडणारे तिचे इवलेसे काळीज साऱ्या तळ्याला लख्ख दिसले.

तात्पर्य : राखणदार किती रुंद आहे हे मोजत बसू नये; त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते सगळ्यांना दिसते की नाही, ते पाहावे.