टिकलीचा तवा

ओढ्याकाठी एक उंदरीण राहायची. एवढीशी उंदरीण. नाव तिचं टिकली.

टिकली धिरडी विकायची. चर्र चर्र. सगळे खायला यायचे.

एकदा ओढ्याला पूर आला. घळघळ घळघळ. टिकलीचं घर पडलं. टिकलीचा तवा वाहून गेला. पीठ उरलं मूठभर.

तवा नाही तर धिरडं नाही. धिरडं नाही तर दुकान नाही.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लोहाराकडे गेली. लोहार रोज तिचं धिरडं खायचा.

"लोहारदादा, लोहारदादा,
तवा दे."

"कोळसा नाही. कोळसा आण, मग तवा."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाभळीकडे गेली. बाभळीला ती रोज पाणी घालायची.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी,
फांदी दे.
फांदीचा कोळसा.
कोळसा लोहाराला.
लोहार देईल तवा."

"मला कीड लागलीय. कीड काढ, मग फांदी."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. सुतारपक्ष्याकडे गेली. त्याला ती रोज धिरड्याचा तुकडा द्यायची. फुकट.

"सुतारभाऊ, सुतारभाऊ,
कीड काढ.
कीड बाभळीची.
बाभूळ देईल फांदी.
फांदीचा कोळसा.
कोळसा लोहाराला.
लोहार देईल तवा."

"रोज कीडच खातोय. धिरडं आण, मग कीड."

टिकली मटकन खाली बसली. तव्याशिवाय धिरडं कसं करायचं? "टिकले, तू जेवलीस का?" कुणी विचारलंसुद्धा नाही. टिकली रडली. मुळूमुळू रडली.

मग उठली. पडक्या घराचं कौल उचललं. दगडांवर ठेवलं. खाली पाचोळा पेटवला. फू फू फू. थोडं पीठ कालवलं. कौलावर घातलं. चर्र.

धिरडं वाकडं झालं. कडेला जळलं. पण झालं.

टिकलीच्या पोटात कावळे ओरडत होते. तरी तिनं ते चाखलं नाही.

सुतारभाऊनं धिरडं खाल्लं. टक टक टक. कीड काढली.
बाभळीनं फांदी दिली. कडाड्.
फांदीचा कोळसा झाला. धग धग धग.
कोळसा लोहाराला मिळाला. ठण् ठण् ठण्.
लोहारानं तवा दिला.

टिकलीनं तवा डोक्यावर घेतला. तुरुतुरु तुरुतुरु. घरी आली. चूल मांडली. चर्र.

खमंग वास सुटला. लोहार धावत आला. सुतारपक्षी उडत आला.

"टिकले, मला वाढ."
"टिकले, मला आधी."

पीठ एका धिरड्यापुरतंच उरलं होतं. टिकलीनं धिरडं उलटलं. पानावर घेतलं. सगळ्यांसमोर बसली. आणि एकटीनं खाल्लं. गरम गरम. शेवटच्या घासापर्यंत.

मग पान पुसून म्हणाली, "दुकान उद्या उघडेल."

टिकलीचं पोट भरलं, गोष्टीचंही भरलं.